आडनाव काय सांगायचं?

पोरगं मराठवाड्यातून पुण्याला कॉलेजला येतं. होस्टेलच्या यादीत नंबर लागत नाही. मग पेठा, कोथरूड पालथं घालत खोली बघायची. मालक नाव विचारतो. सांगितलं की म्हणतो, पूर्ण नाव? त्याला नाव नकोच असतं, जात पाहिजे असते. खरं आडनाव सांगितलं तर खोली कालच गेलेली. 'पाटील' म्हटलं की चावी हातात.

मित्रांनो, आपण पंचशील घेतलंय. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. मग हे पोरगं शील मोडतंय का?

१९१७ साली बाबासाहेब कोलंबियात शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. एवढा शिकलेला माणूस, पण गावात जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन वर आले. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

मी म्हणतो, पहिलं खोटं मालकाचं. 'खोली गेली' हे खोटंच, पण ते पचतं. १९५५ च्या कायद्यानं राहत्या जागेबाबत अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे. पण मालक जातीचं नावच तोंडातून काढत नाही. केस उभी करणार कशावर?

तरी पाटील झालेल्या पोराचे हाल बघा. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी. दोस्त आला तर जयभीम जिन्याखाली, हळूच. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नाचतो, पण तोंडाला रुमाल बांधून. अशा पोराला शील मोडलं म्हणून झापणारे कार्यकर्ते मी बघितलेत. त्यातल्या किती जणांनी त्याची वळकटी आपल्या खोलीत टाकू दिली?