पातेलं भरपूर, पान बेताचं

मुंजीचं जेवण ठरवायला आलेले यजमान आधी विचारतात, "पानाचा दर जरा कमी होईल का हो?" होतो की. दुसरं पक्वान्न काढा. थंड पेयांच्या बाटल्यांऐवजी मठ्ठा ठेवा: आलं, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर साखर. जिलबीशी इतकं दुसरं काही जमत नाही.

पण काटकसरीचा अधर्म कुठे होतो? तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली सांगते, अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये, भरपूर करावं, दाराशी आलेल्याला परत पाठवू नये. भरपूर करा आणि टाकूही नका! आचाऱ्याने ही दोन्ही व्रतं एकदम पाळायची कशी? माझ्या मते पंगतीत ते जमतं. वाढपी अर्धा डाव मसालेभात घालतो, पुन्हा फिरतो, पुन्हा विचारतो. बुफेत मात्र परत रांग नको म्हणून माणूस ताट एकदाच शिगोशीग भरतो, आणि उरलेलं पिंपात जातं.

वनस्पती तूप साजूक म्हणून वाढणं ही बचत नव्हे, चोरी आहे. कारण खाणाऱ्याला ती कळत नाही. दुसरं गोड नाही म्हणून सरळ सांगा, कोणी रुसत नाही. (व्याही रुसतात, पण ते कशानेही रुसतात.)

राहिली एक युक्ती. जिलबीआधी भाताचा आग्रह दोनदा केला की जिलबी कमी लागते. आमची ही तिला लबाडी म्हणते. मी म्हणतो, भात गरम आहे, तूप खरं आहे, आणि नको म्हणायला पाहुणा मोकळा आहे. तिला हे अजून पटलेलं नाही.