नियमात बसतं, पण आपलं आहे का?



मुलं कॅरम खेळायला बसली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "नियमात आहे ना? मग झालं!" मुलं भांडतात आणि पाच मिनिटांत विसरूनही जातात. पण हेच वाक्य मोठ्यांच्या तोंडी आलं, आणि मध्ये सोंगट्यांऐवजी घर, शेत, आईचे दागिने असले, की बोलणी तुटतात. म्हणून या वेळी आपण एकाच प्रश्नावर विचार करूया. नियमात बसतं ते सगळं योग्य असतं का?

महाभारतातलं द्यूत आठवा. युधिष्ठिर राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि त्यानंतर त्याने द्रौपदीला पणाला लावलं. सभेत बोलावणं आलं तेव्हा द्रौपदीने दयेची याचना केली नाही, प्रश्न विचारला. राजा आधी स्वतःला हरला होता की मला? जो स्वतःचाच राहिला नाही, तो दुसऱ्याला पणाला कसा लावेल? भीष्मांसारखे ज्ञानी तिथे बसलेले होते, पण धर्म फार सूक्ष्म आहे, असं म्हणून त्यांनीही निवाडा दिला नाही. स्पष्ट बोलला तो दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण. वयाने लहान, आणि जिंकणाऱ्यांच्या बाजूचा! कर्णाने त्यालाच पोरकट म्हणून गप्प केलं.

बघा, पण लावला गेला, फासे पडले, डाव जिंकला गेला. खेळाच्या भाषेत सगळं रीतसर. द्रौपदीचा प्रश्न मात्र मुळावरच बोट ठेवतो. जे लावलं, ते लावणाऱ्याचं होतं का?

संगीतात याचा एक सुंदर दाखला मिळतो. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच आहेत, सा रे ग प ध. एकही स्वर वेगळा नाही. पण भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. आता कुणी भूप गायला बसला आणि सारखा धैवतावरच थांबायला लागला, तर वर्ज्य स्वर एकही लागणार नाही, तरी जाणकार मान हलवणार नाहीत. नियम पाळला, पण भूप हातून निसटला. आपल्या व्यवहाराचंही असंच होतं. कागद बरोबर असतो, सह्या बरोबर असतात आणि तरी नातं निसटतं.

आता क्रिकेटकडे वळू. फेब्रुवारी १९८०, मुंबईचं वानखेडे स्टेडियम, भारत विरुद्ध इंग्लंड. भारतीय क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाचा कसोटी सामना. इंग्लंडचा निम्मा संघ बाद झालेला. कपिलदेवच्या चेंडूवर यष्टीमागे झेल घेतला गेला आणि पंचांनी बॉब टेलरला बाद दिलं. कर्णधार होते गुंडप्पा विश्वनाथ. चेंडू बॅटला लागलाच नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला.

इथे काही जण विचारतात, आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. विश्वनाथना उदार व्हायचं होतं तर स्वतःच्या खिशातून व्हावं, अकरा जणांच्या मेहनतीतून का? आम्हाला वाटतं, उत्तर इथेच दडलेलं आहे. त्यांनी दान केलंच नाही. जी विकेट संघाने मिळवलीच नव्हती, ती त्यांनी परत केली. चुकून आपल्या पिशवीत आलेली दुसऱ्याची वस्तू परत देताना आपण 'मी दान केलं' म्हणतो का? आणि संघ हरला म्हणून ती वस्तू आपली ठरत नाही.

हा फरक आता घरात आणून बघूया. वडील जातात. बहिणीला फोन येतो, "ताई, हक्कसोडपत्रावर फक्त एक सही हवी." ती येते, चहा होतो, सही होते, साडी-चोळी मिळते. सगळं कायदेशीर. पण तिला विचारलं होतं की नुसतं सांगितलं होतं? २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलीचा मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. गोव्यात तर जुन्या नागरी कायद्यापासूनच मुलामुलींचा वाटा सारखा. म्हणजे कायदा तिच्या बाजूने असतानाही सही होऊन जाते, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटेल ही भीती तिच्या मनात असते. भीतीपोटी झालेली सही नियमात बसते. पण तो वाटा भावाचा झाला का? आणि उद्या भावाने तो परत दिला, तर त्याला भाऊबीज म्हणू नये. जे तिचं होतं तेच तिला मिळालं.

एखादी बहीण समजून-उमजून, आनंदाने हक्क सोडतेही. तिचा मान मोठाच आहे. पण ते तिने ठरवायचं, आपण गृहीत धरायचं नाही.

मग नियम नकोतच का? तसं मुळीच नाही. नियम नसले तर दांडगा जिंकतो आणि गरीब हरतो. नियमाच्या खाली उतरायचं नाही, हे तर झालंच. पण नियम जेवढं घेऊ देतो तेवढं सगळं घ्यायलाच हवं, असं कुठे आहे?

आणि आपण त्या सभेतले नुसते बसलेलेही असू शकतो. काका, मामा, आत्या, मेव्हणे. वाटणीच्या बैठकीत आपल्याला दिसत असतं, पण 'त्यांचं ते बघतील' म्हणून आपण खाली बघतो. तिथे एखादा विकर्ण लागतो, आणि तो बहुधा जिंकणाऱ्यांच्याच घरातला असावा लागतो.

या रविवारी जेवताना घरात हा विषय जरूर काढा. मुलांनाही बोलू द्या. आपल्या घरात कुणाचं काही आपल्याकडे राहून गेलंय का, एवढं एकमेकांना विचारा. आणि घरातल्या बहिणी-मुली काय म्हणतात, ते मध्ये न बोलता ऐकून घ्या.