वाहत्या शाईचा कर्ता

अल्कोहोल इंक ही अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या रंगाची शाई असून, द्रव शोषून न घेणाऱ्या पृष्ठावर, म्हणजे झिलईच्या टाइलवर, काचेवर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या युपो कागदावर ती सोडली जाते, आणि कुंचल्याने ओढण्याऐवजी फुंकर, हेअर ड्रायरची हवा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब यांच्या साहाय्याने बहुधा पसरवली जाते. या माध्यमाकडे वळणाऱ्या नवशिक्यापुढे तंत्राइतकाच एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो: ज्या चित्राचे आकार हाताने रेखलेले नाहीत, त्याचा कर्ता कोण?

थेंब नीट पाहिल्यावाचून या प्रश्नाला हात घालणे व्यर्थ आहे. टाइलवर पडलेला थेंब वाटोळा पसरतो. कडेचा थर पातळ असल्याने तेथील अल्कोहोल आधी उडते, ती उणीव भरून काढण्यासाठी आतला द्रव कडेकडे वाहतो आणि जाताना रंग सोबत नेतो, म्हणून वाळलेल्या डागाला गडद किनार येते. त्याच डागाच्या मध्यावर शुद्ध अल्कोहोल सोडले, तर रंग चहूकडे हटून फिकट पोकळी उरते. पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आकसून धरणारे बल, जेथे कमी असते तेथून ते अधिक असलेल्या बाजूस द्रव ओढला जातो. या परिणामाला मारांगोनी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचे नाव मिळाले, कारण त्याने १८६५ च्या आपल्या प्रबंधात त्याचा अभ्यास मांडला होता. म्हणजे ज्याला सहज यदृच्छा म्हटले जाते, त्यातील बराचसा भाग नियमबद्ध आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे देह आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अनुग्राहक देवता असा अर्थ घेतला आहे. येथे मात्र तो विस्तारून टाइलला अधिष्ठान, शाई व फुंकर यांना करण आणि चेष्टा, आणि आवाक्याबाहेरच्या परिस्थितीला दैव मानता येते. पाच कारणे असताना केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी अपरिपक्व ठरवणारा हा विचार आहे. त्याची दुसरी बाजू मात्र सहसा दुर्लक्षिली जाते: दैव पाचवे आहे, पहिले नव्हे, आणि उरलेली चार कारणे न शिकताच त्याचे नाव घेणे हा केवळ आळस होय.

वऱ्हाडात हा भेद फार ठळकपणे दिसतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते, तेव्हा थेंबाला पसरायला पुरेसा वेळच मिळत नाही आणि कडा झटकन बसतात. श्रावणात अमरावतीच्या दमट हवेत तीच शाई रेंगाळते. छताचा पंखा ओल्या रंगाला एका अंगाला लोटतो, पण तो बंद करून खिडक्याही लावल्या, तर वाफ खोलीत साचते. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या सुमारासही ठिणगीने पेटू शकते, त्यामुळे वऱ्हाडी उन्हाळ्यात समई, उदबत्ती किंवा गॅसची शेगडी जवळ ठेवून हे काम करणे घातक आहे. पहाटेची वेळ, उघड्या खिडक्या आणि विझलेली आग ही तयारी कर्त्याची आहे. तिच्यातील चूक दैवाच्या माथी मारता येत नाही.

कर्तृत्व अन्यत्र अर्पण केल्याने शिस्त सैल होते काय, या शंकेचे उत्तर याच प्रदेशात सापडते. अमरावती जिल्ह्यात १८८१ मध्ये जन्मलेले आणि बालपणीच दृष्टी गमावलेले गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत आणि आपल्या ज्ञानाचे श्रेय ज्ञानेश्वरांना देत. अद्वैतबोधानंतरही भक्तीतील माधुर्य टिकते, असे सांगणारे मधुराद्वैत त्यांनी मांडले. त्यांचे लेखन इतरांच्या हातून कागदावर उतरले, तरीही त्यांनी शास्त्रांचा कसून अभ्यास केला आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या विचारांचाही परामर्श घेतला. समर्पण आणि परिश्रम यांत विरोध मानणाऱ्यांनी १९१५ मध्ये संपलेल्या या अल्प आयुष्यातील ग्रंथराशीकडे पाहावे.

नवशिक्याची खरी कसोटी मात्र चित्र संपवताना लागते. वाळलेली शाई अल्कोहोलच्या नव्या थेंबाने पुन्हा विरघळते, त्यामुळे वॉर्निश लागेपर्यंत कोणताही आकार अंतिम नसतो, आणि आणखी एका थेंबाचा मोह नवशिक्याच्या अनेक चित्रांचा चिखल करतो. बरेचसे रंग उन्हात फिके पडतात, म्हणून वॉर्निशनंतरही चित्राचे रक्षण करावे लागते. टाइल, शाई, हवा आणि अल्कोहोल आपापले काम नियमाने करत राहतात, परंतु हात आवरण्याचा निर्णय त्यांपैकी कोणीही घेऊ शकत नाही. तो कर्त्यालाच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा विवेक फसलेल्या टाइली अल्कोहोलने पुसून पुन्हा मांडताना येतो.