पितळ उघडं पडतं तेव्हा

माणसाची नीतिमत्ता कशी तपासावी हा प्रश्न थोरामोठ्यांनी उगाच अवघड करून ठेवला आहे. माझं ऐकाल तर त्याला मुलासाठी वाद्य विकत आणायला पाठवावं. मी जाऊन आलो आहे, म्हणून सांगतो.

आमच्या चिरंजीवांची शाळेच्या बँडमध्ये निवड झाली. निवड म्हणजे काय, तर ‘ज्यांचे पुढचे दात पक्के आहेत त्यांनी हात वर करा,’ असं सर म्हणाले आणि यानं केला. संगीताचा दातांशी संबंध असतो हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. पितळी वाद्यात मूळ नाद पितळ काढतच नाही, ओठ काढतात. ओठ मिटून फुर्र करायचं आणि त्या फुर्रला नळीनं मोठेपण द्यायचं. मागं दात हलत असतील तर ओठ टेकणार कशाला? शाळेकडे ढोल होते. पितळ मात्र ज्याचं त्यानं आणायचं होतं.

“ट्रम्पेट घेऊ या,” मी म्हणालो.

“मला तो पोटाशी धरायचा मोठा भोंगा हवाय,” चिरंजीव म्हणाले.

त्या भोंग्याला युफोनियम म्हणतात. ट्रम्पेटची गुंडाळलेली नळी सरळ केली तर सुमारे साडेचार फूट भरते, याची नऊ. नळी दुप्पट, म्हणून सूर एक सप्तक खाली. पण माझा हिशेब फुटांचा नव्हताच. ट्रम्पेट चाल वाजवतं, सगळ्यांच्या वर ऐकू येतं. झेंडावंदनाला पहिल्या रांगेत बसलेल्या बापाला शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर मारून “तो आमचा,” असं म्हणता येतं. भोंगा बिचारा खालून आधार देत राहतो. घराच्या पायाकडे बोट दाखवून कुणी म्हणतं का, “वा, काय पाया आहे!”

तेव्हा मी थाप मारली. “भोंगा इथं मिळत नाही. तो मेरठहून मागवावा लागतो.”

ही वाद्यं मेरठला जली कोठी भागात बनतात हे खरं आहे, म्हणजे थाप निम्मी खरी होती. निम्मं खरं बोलल्यामुळे धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. पण त्याचा रथ आधी चार बोटं वर तरी होता. माझी स्कूटर पहिल्यापासूनच जमिनीवर. मी निर्धास्त होतो.

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथं एका म्हाताऱ्या बँडमास्तरांनी सतरंजीवर संसार मांडला होता: दोन ट्रम्पेटं, एक कॉर्नेट आणि मधोमध, गणपतीसारखा पोट पुढं काढून बसलेला, लख्ख भोंगा.

“बाबा,” चिरंजीव म्हणाले, “मेरठ इथंच आहे की!”

पितळ उघडं पडणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. जीवनात उपयोग आत्ता झाला.

“पोर कुठं वाजवणार, साहेब?” मास्तरांनी विचारलं.

“शाळेच्या बँडमध्ये,” मी म्हणालो आणि घाईघाईनं जोडलं, “लग्नाबिग्नात नव्हे!”

मास्तर काही बोलले नाहीत. फडक्यानं एक बटण पुसत राहिले. त्यांच्या उशाशी लाल कोट घडी घालून ठेवला होता. जरीची तार सुटलेली. आणि मला एकदम आमचे अण्णा आठवले. मी दहा वर्षांचा असताना ट्रम्पेट मागितलं, तर ते म्हणाले होते, “आपण काय लोकांच्या वराती वाजवायच्यात?” मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तेच वाक्य आज माझ्या तोंडून निघालं होतं, आणि तेही ज्यानं जन्मभर लोकांच्या वराती वाजवल्या त्याच्या तोंडावर. कोण जाणे, माझीही त्यांनीच वाजवली असेल. तिच्यापुढं मी नाचलो होतो. वाजवणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा आठवेना.

मास्तरांनी पोराच्या हातात वाद्य न देता नुसते माउथपीस दिले. ट्रम्पेटच्या छोट्यातून सायकलच्या ट्यूबमधली हवा गेल्यासारखा आवाज आला. भोंग्याच्या मोठ्यातून मात्र रेडकू हंबरलं.

“वाद्य बापानं निवडायचं नसतं, साहेब. पोरानंही नाही. ओठ निवडतात.”

मग त्यांनी मला परीक्षा शिकवली. बटण न दाबता त्याची नळी थोडी बाहेर ओढायची आणि मग बटण दाबायचं. ‘टप्’ असा आवाज आला तर हवा धरून आहे. नाही आला तर आतून गळतंय. “पोचा बघून घाबरू नका. पोचा काढता येतो. आतून झिजलं की अवघड.”

ते वाद्याबद्दलच बोलत होते. पण मी मात्र उगाच शर्टाचं वरचं बटण चाचपून पाहिलं.

भाव त्यांनी सांगितला तोच दिला. तो प्रामाणिकपणा होता की प्रायश्चित्त, हे अजून ठरलेलं नाही. ही मात्र म्हणाली, “जुन्या बाजारात घासाघीस न करता? ताप आहे का तुम्हाला?”

सव्वीस जानेवारीला मी पहिल्या रांगेत बसलो. भोंगा वेगळा असा ऐकूच येत नव्हता. मध्येच त्याचा पट्टा खांद्यावरून घसरला, तो सावरेपर्यंत चार ठोके गेले, आणि तेवढ्यात सगळा बँड पायाखालची फळी काढल्यासारखा पोकळ झाला. आजूबाजूच्या लोकांनी चमकून पाहिलं; काय हरवलं ते कुणालाच कळलं नाही. मला कळलं. कोपर मारायला कुणी नव्हतं आणि गरजही वाटली नाही.

परवा आमच्या गल्लीत वरात आली. फटाक्यांसाठी थांबली तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेलो. मागच्या रांगेत एक घामाघूम गृहस्थ भोंगा सांभाळत उभे होते. घटाघटा पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं,

“आपण मुलाकडचे की मुलीकडचे?”

“भोंग्याकडचा,” मी म्हणालो.