पैशाच्या घराला देवळाची कळा

मिनेसोटातल्या ओवाटोना या छोट्या शेतीप्रधान गावात, बाजारपेठेतल्या एका कोपऱ्यावर लाल विटांची चौकोनी इमारत उभी आहे. तळाला लालसर वालुकाश्म आणि रस्त्याकडच्या दोन्ही भिंतींत एकेक अवाढव्य कमान, रंगीत काचांनी भरलेली. आत हिरवट-सोनेरी उजेड पसरतो आणि नवखा माणूस नकळत आवाज खाली आणतो. पण हे चर्च नाही. वास्तुरचनाकार लुई सलिव्हनने १९०८ मध्ये शेतकऱ्यांसाठी उभारलेली ही बँक आहे.

पैशाच्या घराला अशी कळा द्यावी का?

त्या काळी अमेरिकेतल्या गावोगावच्या बँका ग्रीक-रोमन खांबांचा थाट मिरवत. सलिव्हनला त्याचा मनस्वी तिटकारा होता. नांगर धरणाऱ्या माणसाशी त्या खांबांचे नाते काय? सलिव्हनचा वास्तुकलेवरचा लेख वाचून बँकेचे उपाध्यक्ष कार्ल बेनेट यांनी त्याला बोलावून घेतले. बेनेट संगीतवेडे, आणि सलिव्हनला इथे रंगांची सिंफनी उभी करायची होती. दोन टनांहून जड असे ओतीव लोखंडाचे चार दिवे, त्याचा सहकारी एल्म्स्ली याने रेखलेली पानवेलींची नक्षी, शेतकऱ्यांना बसायला-बोलायला वेगळी खोली. आणि भिंतीवर? देवळात जिथे देवाची कथा रंगवतात, तिथे इथे गायी चरताहेत, कापणी चालली आहे. सगळी मेख इथेच आहे. या वास्तूने पूजा मांडली ती पैशाची नव्हे, तो ज्या घामातून आला त्या घामाची.

तरीही एक आक्षेप उरतोच, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. शेतीतल्या मंदीत १९२६ साली बँक बुडाली. त्या कमानींकडे पाहून ज्याने निर्धास्तपणे ठेव ठेवली, त्याला सौंदर्याने फसवले म्हणायचे का? वास्तू श्रमाची साक्ष देऊ शकते, हिशेबवहीची नाही. पण तिच्यामुळे निर्माण होणारा विश्वास खरा असतो, आणि तो पाळण्याची जबाबदारी गल्ल्यामागे बसणाऱ्यांची असते. ती पेलता येत नसेल, तर पैशाच्या घराला देवळाची कळा घेण्याचा अधिकार नाही.

सलिव्हन बँक बुडण्याआधीच, १९२४ मध्ये, शिकागोतल्या एका हॉटेलच्या खोलीत कफल्लक अवस्थेत वारला होता. १९४० मध्ये बँकेच्या अंतर्भागाची बरीच मोडतोड झाली. १९७६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. भिंतीवरच्या गायी मात्र अजून तिथेच चरताहेत.