रांगेतला न्याय

सोलापुरातील एखादा यंत्रमाग कारखाना डोळ्यांसमोर आणू या. दहा मागांपैकी सहांवर चादरी विणल्या जात आहेत, चार रिकामे आहेत. रांगेतील पहिल्या मागणीला एकदम आठ माग हवेत; तिच्यामागच्या टॉवेलांच्या लहान मागणीला तीन पुरेत. मालकाने रांग मोडावी, की माग रिकामे ठेवावेत?

हाच पेच समांतर महासंगणकापुढे सदैव उभा असतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अशा यंत्रात अनेक प्रोसेसर एकाच वेळी राबतात आणि संशोधकांची कामे त्यांच्यापुढे रांग लावतात. १९९५ साली अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेतून एक तोडगा पुढे आला : लहान काम मधल्या रिकाम्या जागेत बसवावे, मात्र रांगेतील पहिल्याला दिलेली वेळ टळू नये. तोडगा शहाणपणाचा खरा. परंतु अभय मिळाले ते पहिल्यालाच. दुसऱ्या-तिसऱ्याचे काय?

येथे न्याय मोजण्याचा प्रश्न येतो. दोघांना एकेक तास थांबावे लागले. एकाचे काम दहा मिनिटांचे, दुसऱ्याचे दहा तासांचे. पहिल्याला कामाच्या सातपट वेळ लागला, दुसऱ्याला जेमतेम १.१ पट. प्रतीक्षा सारखी, झळ मात्र सारखी नाही. सरासरी काढावी, तर नव्याण्णव जणांच्या सोयीत शंभराव्याची उपेक्षा बुडून जाते. सर्वांना सारखेच ताटकळत ठेवले, तर समतेचे गणित पूर्ण गुण देते! म्हणून काही अभ्यासक निराळे विचारतात : मागाहून कोणी आलेच नसते, तर या कामाला केव्हा आरंभ झाला असता? त्याहून जो उशीर झाला, तो अन्याय.

हे माप आम्हांला अधिक माणुसकीचे वाटते. ते समूहाला नव्हे, एकेकाला विचारते : तुझ्या वाट्याचे कोणी नेले का?

येथे द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आठवल्याशिवाय राहत नाही. शेवटी आलेल्यालाही धन्याने पूर्ण मजुरी दिली. पण पहिल्याशी ठरलेला दीनार त्याने कमी केला नाही. त्याचे औदार्य स्वतःच्या थैलीतून होते. रांगेची व्यवस्था पाहणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या हाती असतो तो इतरांचा वेळ. तो वेळ उदारपणे वाटण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

रेशनच्या दुकानापुढे, दवाखान्यात, कचेरीत आपणही कधी रांग लावणारे असतो, कधी रांगेत उभे असणारे. ‘जरा एवढेच काम आहे’ म्हणणाऱ्याला पुढे सोडणे पाप नव्हे; रिकामा माग कोणाच्याच उपयोगाचा नाही. मात्र त्यापूर्वी मान वळवून मागे पाहावे. तिथे जो निमूटपणे उभा आहे, त्याची वेळ आपण खर्च करीत आहोत काय? यंत्राला हा प्रश्न शिकवावा लागतो. आपल्याला तो शिकवावा लागू नये.