हजेरीची वही

माणूस परमुलखात गेला की त्याला आपल्या घरातल्या गोष्टी दिसू लागतात. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. एका रविवारी, निव्वळ कुतूहलापोटी, तिच्या घराजवळच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो. दोनशे माणसे सहज मावतील अशी ती दगडी वास्तू. आणि आत मला धरून चौदा माणसे, बहुतेक पिकल्या केसांची. प्रार्थना संपल्यावर दाराशी एका वृद्ध बाईंनी जाड वहीत त्या दिवसाचा आकडा मांडला. वही मिटता मिटता त्या शेजारणीला म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या बाई आज दिसल्या नाहीत. जाता जाता डोकावून येते."

तो आकडा मला नवा नव्हता. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत शंभरातले सुमारे ७२ लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत. २०११ मध्ये ५९, आणि २०२१ मध्ये ४६. 'धर्म नाही' असे सांगणारे याच वीस वर्षांत १५ वरून ३७ वर गेले. शिवाय धर्म लिहिणे निराळे आणि चर्चला जाणे निराळे. २०२१ मध्ये ख्रिस्ती म्हणवणारे पावणेतीन कोटी होते. पण २०२३ मध्ये इंग्लंडच्या अधिकृत चर्चची आठवड्याची सरासरी हजेरी सात लाखांच्या आसपास होती. इतर पंथांची मंडळी मिळवली तरी अंतर उरतेच.

पूर्वी सगळे श्रद्धाळू होते, असेही नाही. ३० मार्च १८५१ या रविवारी तिथे चर्चमधली माणसे मोजली, तेव्हा येऊ शकणारे पन्नास लाखांहून अधिक लोक घरीच राहिलेले आढळले. बरेचसे कष्टकरी. पुष्कळ चर्चमध्ये चांगली बाके भाडे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली असत!

संध्याकाळी मुलीशी हेच बोलत होतो. तिने जनगणनेत 'धर्म नाही' असे लिहिले होते. ती म्हणाली, "बाबा, जे पटत नाही ते सगळ्यांसोबत उभं राहून म्हणायचं, हा खोटेपणा नाही का?"

मी काय बोलणार? विसाव्या वर्षी मीही हेच म्हणालो होतो. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात काकडा असे. पहाटेच्या थंडीत वडील मला उठवीत. एके वर्षी मी सांगून टाकले, "माझा विश्वास नाही, मी येणार नाही." वडील रागावले नाहीत. टोपी घालीत एवढेच म्हणाले, "देवाचं मी बघतो. पण तिथल्या माणसांना काय सांगू?" तो प्रश्न मला तेव्हा पळवाट वाटला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतले, एकटे राहणारे एक गृहस्थ न्हाणीघरात पडले. दीड दिवस कुणाला कळले नाही. दुधाच्या दोन पिशव्या दाराशी तशाच पाहून दूधवाल्याने आरडाओरडा केला, तेव्हा दार फोडले. ते वाचले. पण त्या दीड दिवसात मी त्यांच्या दारावरून चारदा गेलो होतो. गावी काकड्याला न आलेल्या म्हाताऱ्याची चौकशी सूर्य उगवायच्या आत झाली असती.

म्हणून मी पुन्हा देवळात जावे काय? नाही. श्रद्धेचे सोंग मला आजही जमणार नाही. आणि त्या जुन्या आपुलकीच्याही मर्यादा मी जाणतो. पंढरपूरच्या विठोबाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ज्यांना आतच घेत नव्हते, त्यांची गैरहजेरी कोण मांडणार?

पण एवढे मला आता कळते की मी देवळाबरोबर दोन गोष्टी सोडल्या, आणि हिशेब मात्र एकीचाच ठेवला. देवावरचा विश्वास प्रामाणिकपणे सोडता येतो. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. शेजारचा माणूस आज दिसला नाही याची दखल घेण्याचे काम मात्र असे सोडता येत नाही. देऊळ, चर्च ते काम न बोलता करीत. जो बाहेर पडतो त्याने ते स्वतःच्या अंगावर घेतले पाहिजे. मी प्रामाणिकपणाचे समाधान घेऊन बाहेर पडलो आणि हे काम तिथेच टाकून आलो.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फराळाचे ताट घेऊन त्या गृहस्थांकडे जायचे ठरवले आहे. ताट पोहोचवणे सोपे आहे. सणच ते करवून घेतो. दिवाळी सरल्यावर, एखाद्या साध्या मंगळवारीही मी ते दार वाजवीन का, याची खात्री मात्र मला अजून देता येत नाही.